कुठल्या पोत्यातली डबी

सोमवार, २१ जुलै

आज लबाडी केली. माणसांत कुणाला सांगण्यासारखी नाही, म्हणून वही, तुला सांगतो.

मल्कियाला – माझ्या उंदरिणीला, माझ्या राणीला – खुणावलं. पिचकारीवर अंगठा दाबला – हलकाच, केळ्याचा गर बाहेर येणार नाही एवढा – आणि ती भोकाशी थांबली. नाक खुपसून, नखांनी खरवडत. चुवा सर काचेपलीकडे उभे होते. त्यांना वाटलं, वास लागला तिला. वास कसला, माझा अंगठा दिसला तिला.

करणार काय. शुक्रवारी सर म्हणाले, "सुदी, तुझी राणी खऱ्या डब्या सोडून पुढे जायला लागलीय. अजून एक आठवडा बघतो. मग ती आरामाच्या पिंजऱ्यात आणि तू परत पिंजरे धुवायला."

पिंजरे धुण्यात माझं एक वर्ष गेलंय. परत नाही जायचं.

स्टँडवरची पोरं विचारतात, काय काम करतोस रे? सांगितलं की लोळतात हसून. 'उंदरांचा नवरा' म्हणतात मला. त्यांना सांगून सांगून आता पाठ झालंय – दवाखान्यांतून खोकणाऱ्यांच्या थुंकीच्या डब्या येतात आमच्याकडे. जंतू आधी उकळून मारलेले. दहा डब्यांची एक पट्टी. वर पिंजरा, त्याच्या तळाला दहा भोकं. मांजराएवढा उंदीर एकेका भोकावरून हुंगत जातो. टीबीचा वास आला की थांबतो. दवाखान्यातला मायक्रोस्कोप कितीतरी आजाऱ्यांना 'स्वच्छ' म्हणून घरी पाठवतो, तेवढे आम्ही पकडायचे.

प्रत्येक पट्टीत एखाद-दुसरी डबी पक्क्या आजाऱ्याची असते. मुद्दाम ठेवलेली. कुठल्या भोकाखाली ते मला ठाऊक नसतं, फक्त नोंदी ठेवणाऱ्या ताटूच्या कागदावर असतं. मी ओरडतो "चार!" ती कागदात बघून म्हणते "हो". मग टिकटिकी वाजवायची आणि पिचकारीतून केळं द्यायचं. बाकीच्या डब्यांवर थांबला तर केळं नाही. खरं की खोटं ते तेव्हा कुणालाच ठाऊक नसतं ना. ती डबी फक्त बाजूला काढायची, पुन्हा तपासायला.

एवढंच. पोरं तरी हसतातच.


मंगळवार, २२ जुलै

आज पण केलं. सगळ्या पक्क्या डब्या बरोबर.

आता कसं, ते सांगतो. ताटूची चप्पल. कागद धरून बसली की ती डाव्या पायाची चप्पल टाचेवर आपटत असते, टप टप टप. उंदीर पक्क्या डबीच्या भोकाजवळ आला की चप्पल थांबते. तिला स्वतःला हे माहीत नाही. मला कधीचं माहीत आहे. आधी नुसती गंमत म्हणून बघायचो.

चप्पल थांबली – अंगठा दाबला – मल्किया बसली. "सात!" "हो." टिक.

हुशार आहे बया. दोन दिवसांत कळलं तिला केळं कुठून येतं.


गुरुवार, २४ जुलै

स्टँडवर आप्पे विकते त्या नीमाच्या आईला दवाखान्यात नेऊन आणलं. महिनाभर खोकतेय. चर्चमध्ये गायला उभी राहते आणि मधेच अंगावर गुंडाळलेल्या कांग्याचा पदर तोंडावर धरून खाली बसते. म्हणते, कढईचा धूर आहे. धूर मलाही लागतो. तिच्या त्या पत्र्याच्या खोपटात सकाळी बसलो की माझाही घसा खवखवतो. पण ती खोकते ते वेगळं.

कामाला लागल्यापासून मी सकाळचं तिच्याकडेच खातो. तेलात तळलेले तांदळाचे आप्पे, वर काळा चहा. बसायला तेलाचा डबा. नीमा शाळेचा गृहपाठ माझ्या पुढ्यात टाकते आणि मी तो चुकीचा करून देतो. मग नीमाला मास्तर बदडतो आणि नीमाची आई मला.

दवाखान्यात तिला थुंकायला लाज वाटत होती. मी म्हटलं, "नीमाच्या आई, ही डबी शेवटी माझ्याच उंदरांकडे येणार आहे. जरा नीट थुंका, माझी अब्रू आहे."

"मेल्या, आधी शिकामू तर कर. मोठ्या माणसाला नमस्कार गिळतोस आणि थुंकायला शिकवतोस?"

हसली, खोकली, थुंकली. तिथल्या बाईचं लक्ष नव्हतं तेव्हा मी झाकणावर नखाने एक फुली मारून ठेवली. उगाच. पुन्हा भेटली तर ओळखू यावी म्हणून.

मायक्रोस्कोपवाला म्हणाला, काही दिसत नाही. खोकला राहिला तर दोन आठवड्यांनी या.


शनिवार, २६ जुलै

दोन उंदरांना खरूज झालीय. त्यांच्या पट्ट्या पण मल्कियाकडे. एरवी एक डबी दोघं-तिघं हुंगतात, आता ती एकटीच. सर म्हणाले, चाललीय तर चालू दे.


सोमवार, २८ जुलै

फुलीवाली डबी आली! सातव्या भोकाखाली.

मी ताटूच्या चपलेकडे बघितलं. पण चप्पल टप टप चालूच, आणि मल्किया सातवरून सरळ आठवर. मान सुद्धा वळवली नाही.

काम संपल्यावर पळत स्टँडवर गेलो. ती कढईवर वाकली होती. म्हटलं, "गेली पुढे! माझी राणी तुमच्या डबीकडे ढुंकून पण बघत नाही."

"खरं?"

"नाक वाकडं करून गेली."

तिने हातातला झारा खाली ठेवला. डोळे पुसले आणि म्हणाली धूर आहे. मग मला पोट फुटेस्तोवर आप्पे वाढले. गिऱ्हाइकांना सांगत सुटली, "उंदराने सोडलं मला! आता सगळ्यांनी गुपचूप खायचं, कुणी कोपऱ्यात जाऊन कुजबुजायचं नाही." कुजबुज होतीच स्टँडवर. टीबीवालीच्या हातचं कोण खाणार?

लई भारी वाटलं. डॉक्टर झाल्यासारखं.


बुधवार, ३० जुलै

चुवा सरांनी सगळ्यांना बसवून शिकवलं. त्यांना शिकवायची हौस आहे, आम्हाला डुलक्यांची. एका हातात मक्याचे दाणे, दुसऱ्या हातात राजमा. मका म्हणजे निरोगी, राजमा म्हणजे आजारी.

"हे दवाखान्याचं पोतं. शंभर खोकणारी माणसं. त्यात समजा दहा राजमे. चांगला उंदीर दहांतले आठ शोधतो. पण नव्वद मक्यांतल्या नऊ दाण्यांवरही तो उगाच थांबतो. मग एकूण किती वेळा थांबला?"

ताटू म्हणाली, "सतरा."

"त्यात खरे आजारी?"

"आठ."

"म्हणजे निम्मे पण नाहीत. मग उंदीर थांबला की माणूस आजारीच, असं म्हणणाऱ्याच्या तोंडात काय घालू?"

"केळं," मी म्हटलं. सगळे हसले. सर पण थोडे.

मग त्यांनी राजमा उचलून घेतला, एकच दाणा ठेवला. "आता हे बाजारातलं पोतं. ज्यांना काही होत नाही अशी धडधाकट माणसं. उंदीर तोच, नाक तेच. इथेही दहाएक वेळा थांबेल. पण त्यात खरा असला तर एखादा. तेव्हा उंदीर थांबला हे मला नंतर सांगायचं. डबी कुठल्या पोत्यातली, हे आधी सांगायचं."

इथवर ठीक होतं. उठता उठता सर म्हणाले, "आणि पहिल्या पोत्यातले दोन राजमे? ज्यांच्यावर उंदीर थांबलाच नाही? ते घरी गेले. म्हणून, खोकला राहिला तर माणसाने परत यायचं. उंदीर पुढे गेला म्हणजे सुटलो, असं नाही."

तेव्हापासून कानात काहीतरी गुणगुणतंय. डास असेल.


शुक्रवार, १ ऑगस्ट

ताटूने पकडलं होतं जवळजवळ.

"सुदी, तुझी उंदरीण पक्क्या डब्या एकेक बरोबर सांगते. पण बाकीच्यांवर एकदाही थांबली नाही. आधी रोज कुठे ना कुठे थांबायची."

"शहाणी झाली. उगाच थांबत नाही आता."

"उगाच थांबत नाही ते समजलं. पण खरी पण एक नाही सापडली दोन आठवड्यांत?"

"तू बघ तुझा कागद," मी म्हटलं. "तू जळतेस. तुझ्यावर कुणी थांबत नाही म्हणून."

तिने पेन फेकून मारलं. वाचलो. आतून मात्र नाही वाचलो.


सोमवार, ४ ऑगस्ट

काल चर्चमध्ये नीमाच्या आईने गाणं अर्ध्यात सोडलं. नीमाने सांगितलं. म्हणाली, "आईचा कांगा आता दोन वेढे जास्त बसतो. आणि तिची उशी रात्री घामाने ओली असते."

आज सकाळी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "दोन आठवडे होत आले. परत जाऊन येता का?"

"कशाला? तुझी राणी गेली ना पुढे?"

"गेली."

"मग? दवाखान्यात दिवस मोडतो. आप्पे कोण तळेल, तू?"

मी म्हटलं, मी तळले तर स्टँड रिकामा होईल. ती हसली. मी पण हसलो. ताटलीतले आप्पे तसेच ठेवून उठलो.


गुरुवार, ७ ऑगस्ट

उद्याच्या शेतकऱ्यांच्या जत्रेला लांबलांबून पाहुणे आलेत गावात. त्यातले काही मोठे लोक आज आमच्याकडे. काचेपलीकडे दाटीवाटीने उभे, एकाचं पोट तर काचेला टेकलेलं. सरांनी माझं नाव घेऊन सांगितलं, "आमची सगळ्यात अचूक उंदरीण आणि तिचा शिक्षक." मी छाती काढली.

ताटू आत आली. पाहुण्यांसाठी नवे बूट घातले होते तिने. जुन्या कपड्यांच्या बाजारातले, काळे, बंद, नाडीचे. दोन्ही पाय जवळ घेऊन अशी बसली की जणू फोटो काढायचाय.

टप टप नाही. काहीच नाही.

मल्किया पहिल्या भोकावर आली आणि मान वर करून माझ्या हाताकडे बघितलं. दुसऱ्यावर आली, हाताकडे बघितलं. तिसऱ्यावर. चौथ्यावर. मी घामाघूम. ताटूच्या तोंडाकडे बघतोय, ती कागदाकडे. दहाही भोकं संपली, मल्किया कोपऱ्यात बसून मिशा साफ करायला लागली. त्या पट्टीत एक सोडून चार पक्क्या डब्या होत्या. पाहुण्यांसाठी म्हणून जास्तीच्या.

काचेपलीकडून एक पोरगं ओरडलं, "हिला भूक लागलीय!"

सर म्हणाले, "पुन्हा." पुन्हा तेच. भोक, हात. भोक, हात.

मी म्हटलं, "साहेब, पाहुण्यांना लाजते ती." पाहुणे हसले. सर नाही हसले. सर मल्कियाकडे बघतच नव्हते. माझ्या अंगठ्याकडे बघत होते.


शुक्रवार, ८ ऑगस्ट

सुट्टी. सगळं गाव जत्रेत. मी गेलो नाही. खोलीत येरझाऱ्या घालतोय. बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की कुठे जावं कळत नाही.

मल्किया थांबते माझ्या अंगठ्यावर. माझा अंगठा हलतो ताटूच्या चपलेवर. चप्पल थांबते कागदावर. आणि कागदावर काय असतं? जे दवाखान्याला आधीच ठाऊक तेवढंच.

म्हणजे अडीच आठवडे ती आम्हाला आमचंच उत्तर परत देत होती. एकही डबी चुकली नाही, कारण एकही डबी तिने हुंगलीच नाही. चांगल्या उंदराचे पण दोन राजमे सुटतात म्हणाले सर. माझ्या राणीचे? जे कागदावर नाहीत ते सगळेच.

नीमाच्या आईची डबी कागदावर नव्हती.

नाक वाकडं करून गेली, म्हणालो मी. नाक कुठलं? ती माझ्या हाताकडे बघत गेली.


शनिवार, ९ ऑगस्ट

सांगायचं ठरवून गेलो. तिने पुढ्यात ताटली ठेवली. म्हणाली, "जत्रेत दिसला नाहीस? बरं नाही का?" मी म्हटलं, उंदीर आजारी आहे. म्हणाली, "मग त्याची थुंकी तपास." आणि हसता हसता इतकी खोकली की शेजारचा बूटपॉलिशवाला पाणी घेऊन आला.

नाही सांगितलं. नीमाचा गृहपाठ बरोबर करून दिला. नीमा घाबरून म्हणाली, "तुला काय झालंय?"


सोमवार, ११ ऑगस्ट

ताटूला सांगितलं.

"तू माझ्या पायांकडे बघत होतास?"

"पायांकडे नाही. चपलेकडे."

"थोबाड फोडीन." मग बुटाच्या नाडीशी खेळत बसली. म्हणाली, "त्यातल्या कितीजणांना 'काही नाही' म्हणून घरी बसवलंय आपण, कळतंय का तुला?"

"एकीचं कळतंय."

"सकाळी तू सरांना सांगतोस की मी सांगू?"

"मी."

"शीळ वाजवत नको जाऊस. सरळ तोंडाने जा."


मंगळवार, १२ ऑगस्ट

गेलो. सरांनी सगळं ऐकलं. ओरडतील वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढला, टेबलावर ठेवला.

"बाहेर कुणाला सांगितलंस काही? अमक्याच्या डबीवर उंदीर थांबला नाही असं?"

"एका बाईंना."

"आणि ती परत दवाखान्यात गेली नाही."

"नाही."

"आत्ता जा. तिला घेऊन दवाखान्यात जा. उंदीर-बिंदीर काही म्हणू नकोस. खोकला राहिला, नवी थुंकी घ्या, टीबीच्या मशीनवर लावा, एवढंच सांग." मग म्हणाले, "परत आलास की पिंजरे."

मी दारात पोचलो तेव्हा मागून म्हणाले, "चूक माझी पण आहे. इतकी अचूक उंदरीण बघून मी खूश झालो. तेव्हाच घाबरायला हवं होतं."

स्टँडवर गेलो. नीमाच्या आईला गिऱ्हाइकं संपेपर्यंत थांबू दिलं नाही. सांगितलं. सगळं – अंगठा, चप्पल, फुली.

आधी तिला वाटलं मी थट्टा करतोय. माझी सवय. मग कळलं. कढईखालचा जाळ ओढून बाहेर काढला.

"म्हणजे उंदीर तुझ्या हाताकडे बघत होता."

"हो."

"तू त्या पोरीच्या चपलेकडे."

"हो."

"आणि माझ्याकडे कोण बघत होतं रे?"

मी ओढलेल्या लाकडांवर पाणी मारलं. तिने कांगा सारखा केला, हात पुसले. "चल. आता मोटरसायकलचं भाडं तूच देणार."

वाटभर मागे बसून माझ्या पाठीला धरलं होतं. खोकली की तिचा हात माझ्या बरगडीत रुतत होता.


बुधवार, १३ ऑगस्ट

जुन्या डब्या गारठ्याच्या पेटीत ठेवलेल्या असतात. त्या सगळ्या आज परत बाहेर. मल्किया नाही – तिला ताटू नव्याने शिकवणार आहे, पडद्याआडून, हात न दाखवता. आजपासून ताबू. ताबू म्हणजे तापदायक उंदीर, कुणाचं ऐकत नाही. सर म्हणाले, तोच पाहिजे. मधे जाड पडदा. ताटू दुसऱ्या खोलीत.

पट्ट्यांत घालायला पक्क्या निरोगी डब्या पण हव्या होत्या. म्हणजे ताबू उगाच किती थांबतो ते कळेल. सर म्हणाले, "इथले धडधाकट कोण कोण आहेत?" मी पिंजरे घासत होतो. हात वर केला. "मी सर. बैल आहे मी." काहीतरी उपयोगाचं करावं असं वाटत होतं. पहारेकऱ्याने थुंकलं, ड्रायव्हरने थुंकलं, मी थुंकलो.

ताबू फुलीवाल्या डबीवर बसला. पडद्याआडून खरवडल्याचा आवाज आला. ताटूने दुसऱ्या खोलीतून फक्त नंबर परत म्हटला. फुली कुठल्या भोकाखाली आहे ते मी पट्टी लावताना पाहिलं होतं. मला कळलं.


गुरुवार, १४ ऑगस्ट

मशीनने सांगितलं. नीमाच्या आईला टीबी आहे.

नर्सने गोळ्या समजावल्या. सहा महिने, एकही दिवस चुकवायचा नाही. थोड्याच दिवसांत दुसऱ्यांना लागायचा धोका कमी होईल, तोवर आप्पे बंद.

नीमाची आई मला म्हणाली, "आता तुझा तो नवीन उंदीर पण थांबला म्हणतोस. म्हणजे पक्कंच ना?"

"उंदीर थांबला म्हणून नाही. थांबतात त्यातल्या निम्म्यांना काहीच नसतं. तुमचं मशीनने सांगितलं म्हणून पक्कं."

"बघा," नर्सला म्हणाली, "आता शहाणपणा सुचतोय."

नर्सने विचारलं, "घरात कोण कोण असतं?"

"मी आणि नीमा."

नीमाला पण तपासलं. ती ठीक आहे. मी खिडकीला टेकून उभा होतो. नर्सने लिहिलं – दोघी.

बाहेर आल्यावर नीमाच्या आईने माझा कान पिळला. जोरात. मग सोडला. "अजून थोडे दिवस गेले असते तर काय झालं असतं, ते तुला नंतर विचारीन. आज नाही." आणि थोडं पुढे जाऊन, "नीमा वाचली बघ. माझ्यामुळे पोरीला काही झालं असतं ना, तर मी एक गोळी घेतली नसती. तोंड वर करून जगले नसते."


शुक्रवार, १५ ऑगस्ट

ताटू पिंजऱ्यांपाशी आली. जुनी चप्पल घालून. म्हणाली, "जुन्या डब्यांतल्या बऱ्याच सापडतायत. माणसं शोधायला निघालीत." मग उगाच उभी राहिली. "निरोगी डब्यांवर ताबू एकदाच थांबला. नवव्या भोकावर."

"ड्रायव्हर? दारू पितो तो."

"तुझी."

मी हसलो. ती पण. म्हणाली, "बाजारातलं पोतं आहे, सुदी. सरांनी सांगितलंय ना, त्यात थांबला तर बहुतेक उगाचच. मशीनवर लावलीय. सोमवारी कळेल."

मान हलवली. पिंजरा धुतला. तोच पिंजरा परत धुतला.

मी कुठल्या पोत्यातला? कामाला लागल्यापासून रोज सकाळी त्या पत्र्याच्या खोपटात, तिच्या तोंडासमोर, तेलाच्या डब्यावर बसून खाल्लंय मी. धूर म्हणून खोकलोय. नर्सने 'दोघी' लिहिलं तेव्हा मला कुणी धरलं नाही.

सोमवारपर्यंत कुणाला बोलू नकोस. सरांना आणि ताटूला ठाऊक आहे, ते जाऊ दे. पण नीमाच्या आईला नको. तिच्यामुळे मलाही लागला असं तिला वाटलं तर – काल गोळ्यांचं ती काय म्हणाली ते तुझ्यातच लिहिलंय. हात जोडतो. तुला शिकामू करतो, खाली वाकून. तिला सांगू नकोस.